नाथाजींचं विमान आणि राहीबाईंचं पाचट

नवरा चोवीस वर्षं फौजेत असताना तुम्ही एकटीनं शेती कशी केली, असं कुणी विचारलं तर राहीबाई म्हणायच्या, "केली कुठं? उरकली."

वडूजकडच्या कोरडवाहू गावातून लग्न होऊन त्या हिवरमाळला आल्या, तेव्हा ऊस त्यांनी फक्त जत्रेत, रसाच्या गाड्यावर पाहिला होता. हळद पुरती उतरायच्या आत नाथाजी पलटणीत परतले आणि दोन एकर ऊस, सासू, एक म्हैस आणि विहिरीवरची सारखी बंद पडणारी मोटार एवढं सगळं राहीबाईंच्या पदरात पडलं. त्या शिकल्या. पाटाला बारं देऊन सरीत पाणी कसं सोडायचं, फ्यूजची तार कशी बांधायची, ऊसतोड टोळीच्या मुकादमाशी कोणत्या पट्टीत भांडायचं, हे सगळं त्यांना दोन वर्षांत यायला लागलं.

घाई मात्र त्यांच्या अंगात नव्हती, ती नंतर आली. त्याला कारण घडलं एका सुट्टीत. नाथाजी महिन्याच्या रजेवर आले होते. अर्धी रजा मोटारीच्या दुरुस्तीत गेली आणि उरलेली बांधाच्या भांडणात. परत जाताना एस.टी.च्या खिडकीतून बाहेर वाकून ते म्हणाले, "तुझ्याशी बोलायचं राह्यलंच की गं." गाडी सुटली. राहीबाई रस्त्यावर उभ्याच्या उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात एक रीत पडली. फौजी सुट्टीवर यायच्या आत रानातलं आणि घरातलं एकूण एक काम हातावेगळं झालं पाहिजे. आलेल्या माणसानं फक्त बसायचं, जेवायचं, पोराला खांद्यावर घेऊन गावातून फिरायचं आणि बायकोशी बोलायचं. पुढं नाथाजी हवालदार होऊन रिटायर झाले, घरी आले, तरी राहीबाईंची ती सवय काही गेली नाही. ते दोन दिवस पाहुण्यांकडे गेले, तरी परत येईपर्यंत गोठा सारवलेला असायचा. जाऊबाई शालूबाई त्यांना चिडवायची, "आक्का, तुमचं म्हंजी उद्याचा सैपाक आजच जेवून मोकळं व्हायचं."

ह्या वर्षी मात्र नाथाजी जे गेले ते दोन महिने आलेच नाहीत.

मुलगा शिवतेजही फौजेत, दिल्लीला. त्याच्याकडे म्हणून ते गेले आणि तिथंच छातीत कळ आली. मिलिटरीच्या दवाखान्यात बायपास झाली. इकडं नेमकी ऊसतोडीची पाळी लागलेली. राहीबाईंनी पिशवी भरली होती, पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाथाजी स्वतः फोनवर म्हणाले, "तू येऊन काय सुरी धरणार हायस? ऊस कारखान्याला जाऊ दे. मी काय पळून जात न्हाई." ऊस गेला. ऑपरेशन नीट झालं. पण नवऱ्याची छाती उघडली तेव्हा आपण टोळीच्या मागं कोयते मोजत होतो, ही गोष्ट राहीबाईंच्या घशात अडकून बसली ती बसलीच. फोनवर आवाज ऐकू यायचा, पण आवाजावरून माणूस किती शिल्लक आहे ते कसं कळणार?

डॉक्टरांनी सोडताना तीन गोष्टी बजावल्या होत्या आणि शिवतेजनं त्या आईला दोनदा ऐकवल्या. धूर नको. ओझं नको. आणि एकदम दचकवणारं, धक्का बसेल असं काहीही नको. आगगाडीतला दीड दिवसाचा प्रवासही नको म्हणून विमानाचं तिकीट काढलं.

हिवरमाळच्या वरच्या माळावर विमानतळ होऊन चार वर्षं झाली होती. पण तिथं पंखेवाली लहान विमानं यायची, तीही आठवड्यातून दोनदा. धावपट्टी लांब केल्यावर पहिलं मोठं विमान, दोनशे माणसं पोटात घेणारं, दिल्लीहून थेट उतरणार होतं. नाथाजी आणि शिवतेज त्यातच होते. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दोन दिवस आधीपासून सांगणं चाललं होतं, "पाच वाजता मोठं विमान येणार आहे. त्या दिवशी रानात कुणीही जाळ करू नये."

आता ऊस तुटला की रानात काय राहतं, तर पाचट. वाळक्या पानांचा गुडघ्याएवढा थर. आमच्याकडे बहुतेक जण अजूनही ते पेटवून देतात, की लगेच खोडव्याला, म्हणजे तुटल्या उसाच्या नव्या फुटव्याला, पाणी सोडायला मोकळे. राहीबाईंचं पाचट तसंच पडलेलं होतं, आणि त्यांना नवरा पक्का माहीत होता. गाडीतून उतरतील, चहा घेतील, रान बघून येतो म्हणतील आणि काड्यापेटी खिशात टाकून चालू लागतील. मग धूर, मग धावपळ, मग डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं एका संध्याकाळीत.

म्हणून त्यांनी ठरवलं की ते यायच्या आत उरकायचं.

भोंगा त्यांनी ऐकला होता, नाही असं नाही. पण पाच म्हणजे पाच. पाचट तासाभरात जळून जातं. दुपारच्या जेवणाआधी पेटवलं तर पाचपर्यंत राखसुद्धा गार होईल. शिवाय त्यांचं रान धावपट्टीच्या सरळ रेषेत नव्हतं, मावळतीच्या टोकाच्या पुढं आणि जरा उत्तरेला होतं. दुपारी वारा मावळतीचा असायचा, धूर डोंगराकडे जायचा. आणि आजवरची सगळी विमानं उगवतीकडून, तळ्यावरून उतरायची. हिशेबात कुठं चूक दिसत नव्हती.

त्यांनी कडेनं पट्टा मोकळा केला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि काडी ओढली.

वरचं रान भराभर जळलं. पण खालच्या कोपऱ्यात शेजाऱ्याचा पाट फुटून पाणी शिरलेलं होतं, आणि ते फोनवर ऐकून नाथाजींनी जपायला सांगितलेलं घाईत त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. वरून पाचट कोरडं, खालून ओलं. ते पेटेना आणि विझेना. नुसतं आतल्या आत धुमसत राहिलं. राहीबाई मधूनमधून काठीनं उलथवत होत्या. साडेतीनच्या सुमारास त्या घरी गेल्या, हातपाय धुतले, नवं लुगडं नेसल्या आणि कोपरा विझला का बघून मग तसंच वर जाऊ म्हणून शालूबाईला घेऊन पुन्हा रानात आल्या.

कोपरा विझला नव्हता. उलट पिवळट, जाड धूर निघत होता आणि तो डोंगराकडे जात नव्हता.

"आक्का," शालूबाई म्हणाली, "वारं फिरलं की वं."

खरंच फिरलं होतं. चेहऱ्यावर उगवतीचं, जरा उत्तरेला कललेलं गार वारं लागत होतं आणि धुराची लांबच लांब शेपटी रानावरून तिरकी निघून दक्षिणेला, धावपट्टीच्या रेषेवर जाऊन पडली होती.

"जाऊ दे जायचा तो तिकडं," राहीबाई म्हणाल्या. "विमान कुठं तिकडनं येतंय!"

इथंच सगळा घोळ होता. विमान उतरताना वाऱ्याला छाती देऊन उतरतं. समोरून वारा मिळाला की पंखांना आधार मिळतो, वेग कमी ठेवता येतो, थोड्या जागेत थांबता येतं. म्हणून वारा फिरला की विमानाची यायची बाजूही फिरते. ज्या वाऱ्यानं राहीबाईंचा धूर तिकडं नेला, त्याच वाऱ्यानं आज विमानही तिकडून बोलावलं होतं.

आधी आवाज आला. पंखेवाल्या विमानांसारखा भुर्रर्र नव्हे, लांबवर ढग फिरावेत तसा जड. शालूबाईनं हात कपाळाशी धरला. "आक्का, त्ये बघा! आवं, मागनं आलं!"

मावळतीच्या उन्हात आधी दोन दिवे दिसले. मग दिव्यांच्या मागं पंख उमटले, पंखांखाली दोन भलीमोठी इंजिनं, पोटाखाली सोडलेली चाकं. इतकं मोठं काही इतक्या सावकाश हवेतून खाली येऊ शकतं हे राहीबाईंना पटेना. ते सरळ धुराकडे येत होतं.

"आगं बया," त्या म्हणाल्या. एवढंच.

विमान धुराच्या तोंडाशी आलं, आणि एकाएकी त्याचं नाक वर उचललं. इंजिनं अशी गरजली की बांधावरची बाभळ थरथरली. चाकं पोटात गेली. त्यांच्या डोक्यावरून, धुराला फाडत, पांढरं पोट दाखवत ते धावपट्टीवरून तसंच पुढं निघून गेलं आणि आभाळात चढू लागलं. विमानतळाच्या भिंतीलगतच्या भरावावर अख्खं गाव बघायला जमलेलं. तिथून एकच ओरड उठली.

राहीबाई मटकन बांधावर बसल्या. डोळ्यांसमोर विमान नव्हतंच. त्यांना दिसत होती ती खिडकीशी बसलेल्या माणसाची शिवलेली छाती. एकदम दचकवणारं काहीही नको, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि ज्या बाईनं दोन महिने त्या माणसाची वाट पाहिली, तिनंच त्याला दारात आल्यावर धक्का देऊन परत आभाळात पाठवलं होतं.

"शाले, त्यांच्या छातीत..."

भरावाकडून एक फटफटी उडत उडत आली. गावातलाच नानासो, फौजेतून रिटायर होऊन विमानतळावर गार्ड लागलेला. वर्दीची टोपी काखेत, तोंड लाल.

"कुणी पेटवलंय ह्ये? दोन दिस भोंगा बोंबलतोय, कान हायत का..." जवळ आला आणि थबकला. "वहिनी? तुमी?"

"मीच पेटवलं, नानासो भावजी. बोला मागनं. आता ह्ये इझवा."

"नाथाजीदादा त्यातच हायत न्हवं?"

राहीबाईंनी नुसती मान हलवली. नानासोनं टोपी डोक्यावर चढवली. भरावाकडे तोंड करून अशी शिट्टी मारली की पलटणीत शोभली असती. "या रं सगळी! पोती आणा! मोटार चालू करा कुणीतरी!"

आणि मग हिवरमाळनं जे पाहिलं ते त्या मोठ्या विमानापेक्षा कमी नव्हतं. पहिलं विमान बघायचं म्हणून सगळं गाव ठेवणीतले कपडे घालून आलेलं. इस्त्रीची विजार, जरीकाठाची लुगडी, पोरींच्या डोक्यात गजरे. ही सगळी माणसं भराव उतरून धावत आली. कुणी पोती पाटात बुडवून आणली, कुणी लिंबाच्या हिरव्या फांद्या तोडल्या. मोटार सुरू झाली, पाटाचं तोंड खालच्या कोपऱ्याकडे फिरवलं. पंचायतीचे उपसरपंच हारतुरे घेऊन स्वागताला उभे होते, ते पांढऱ्या कपड्यांनिशी चिखलात उतरले.

"उपसरपंच, हार तरी ठेवा की बाजूला!"

"आरं धर की कुणीतरी मग!"

राहीबाई नव्या लुगड्याचा काचा मारून सगळ्यांच्या पुढं होत्या. ओलं पोतं उचलायच्या आणि आपटायच्या. दर आपटण्यासरशी राखेचा भपकारा तोंडावर यायचा. वर विमान लांबून वळण घेत होतं. आधी डोंगराच्या अंगाला, मग कडेगावच्या बाजूला, मग ऊसपट्ट्यावरून. त्यांचे हात खाली आणि डोळे वर.

"वहिनी, वर बघू नका, भाजंल," नानासो ओरडला.

"त्ये जाईल का दुसरीकडं? पुण्याला?"

"जाईल न्हाई तर येईल. तुमी हाणा."

धूर आधी काळा झाला, मग पांढरा. मग नुसती वाफ राहिली. सुऽऽ असा आवाज करत पाणी शेवटच्या ढिगात शिरलं. नानासोनं बिनतारी यंत्रावर कुणाला तरी काहीतरी सांगितलं. धुराची शेपटी वाऱ्यानं ओढून ओढून विरळ केली आणि मावळतीचं आभाळ मोकळं झालं.

दिवे पुन्हा दिसले.

ह्या वेळी कुणी ओरडलं नाही. काळ्या तोंडांचं, चिखलाच्या पायांचं गाव हातात पोती आणि फांद्या धरून वर बघत उभं राहिलं. विमान आलं. चाकं सुटलेली, पंखांच्या मागच्या कडा खाली झुकवलेल्या, जणू हवेला धरून धरून ते उतरत होतं. त्याची सावली रानावरून, माणसांवरून, ओल्या राखेवरून सरकली. राहीबाई बांधावर चढल्या. मागची चाकं टेकली, तिथं धुराचा इवलासा फुगा उठला. मग पुढचं चाक टेकलं. मग एक मोठी गर्जना झाली, ती वेग आवरण्याची, आणि ते अजस्र धूड हळूहळू एखाद्या बैलगाडीच्या चालीवर आलं.

शालूबाईनं पोतं फेकून दिलं आणि टाळ्या पिटायला लागली. मग सगळेच पिटायला लागले. राहीबाईंनी हातातलं पोतं सोडलं नाही. विमान उतरलं होतं. माणसाचं अजून कळायचं होतं.

फोन शालूबाईच्या पिशवीत वाजला. राहीबाईंनी घेतला नाही. "तूच बोल," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"हां शिवा... व्हय... व्हय, बघितलं की... आरं, तुजं बा कसं हायत?" मग शालूबाईनं फोन राहीबाईंच्या कानालाच लावला. पलीकडून आवाज आला. जुनाच, खर्जातला, जरा दम खाऊन बोलणारा.

"खालचा कोपरा वल्ला हाय, म्हनून दिल्लीस्नं सांगितलं व्हतं का न्हाई? वल्लं पाचट पेटवतंय का कुणी?"

राहीबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"ऐकतीयास न्हवं?"

"आवं, छातीत काय..."

"काय न्हाई. ये गेटावर."

नानासोनं त्यांना फटफटीवर मागं बसवलं. वाटेत म्हणाला, "वहिनी, उद्या हापिसात येऊन जबाब द्यावा लागंल. मी गार्ड हाय, मला लिवावं लागतंय."

"देते की. खोटं कशाला बोलू?"

"आन् पुढच्या खेपंला पाचट कुजवा. लय जण कुजवत्यात आता. जमीन बी सुधारती."

"आता काडीलासुदीक हात लावत न्हाई मी," राहीबाई म्हणाल्या.

गेटातून माणसं बाहेर येत होती. चाकांच्या बॅगा, कानात वायरी, हातात कोट. त्यांच्या मागून शिवतेज आणि त्याच्या दंडाला धरून नाथाजी. अंगानं निम्मे झालेले. सदरा खांद्यावरून लोंबत होता. पण मान ताठ होती आणि चाल, सावकाश असली तरी, कवायतीची होती. त्यांनी राहीबाईंकडे पाहिलं. नव्या लुगड्याला ठिकठिकाणी भोकं, पदराला चिखल, तोंड काळंठिक्कर आणि त्यात डोळ्यांखालून उतरलेले दोन पांढरे ओघळ. नाथाजींना हसू आलं. हसताना त्यांनी एक हात छातीवर दाबून धरला.

"हसू नका!" राहीबाई घाबरून ओरडल्या.

"आई, काही होत नाही," शिवतेज म्हणाला. "हसताना, खोकताना हात धरायला डॉक्टरांनीच सांगितलंय. अगं, विमान वर उचललं तेव्हा मीच घाबरलो. पुढची बाई देवाचं नाव घेत होती. आणि हे आपले काचेला नाक लावून. म्हणतात, शिवा, ती बघ आपली विहीर."

"पायलटनं सांगितलं की," नाथाजी म्हणाले. "रस्त्यावर धूर हाय, एक चक्कर मारून येतो म्हनून. मी म्हटलं शिवाला, धूर आपल्याच रानातला हाय, तुजी आई काम उरकतीय." पुन्हा हसू, पुन्हा हात छातीवर. "पर बरं झालं बग. डोंगर बघितला, तळं बघितलं, सगळा ऊस बघितला वरनं. जल्मात बघितलं नव्हतं असं."

"भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. इमान वर गेलं तवा काळीज हिथं आलं व्हतं, गळ्याशी." त्यांनी बोटानं दाखवलं. "म्हटलं, आता हे टाकं टिकत न्हाईत. डोळं मिटून मोजत बसलो. एक, दोन, एक, दोन. तर चाललंय आपलं निवांत! दवाखान्यात त्या डाक्टर लेकांनी मला फिरत्या पट्ट्यावर पळवलं, जिना चढवला, तरी मनातनं खात्री नव्हती. आज झाली."

शिवतेज गाडी बघायला गेला, तेव्हा ती दोघं गेटाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसली.

"मला बघायचंय," राहीबाई म्हणाल्या.

"हिथं? माणसं हायत की."

"असू देत."

नाथाजींनी आजूबाजूला पाहिलं आणि सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली. गळ्याखालून सरळ खाली गेलेला व्रण होता. ताज्या शिवणीसारखा, गुलाबी, जरा फुगीर. राहीबाईंनी बोट पुढं केलं, मागं घेतलं, पुन्हा पुढं केलं. टेकवलं. त्याच्या खाली ठोके लागत होते. राखेचा काळा डाग तिथं उमटला.

"दुखतंय?"

"न्हाई गं," नाथाजी म्हणाले. "खाजतंय नुसतं."